अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये सायन्सचा ग्रेड नेमका कसा ठरतो?

न्यू जर्सीतल्या शाळा लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या आगेमागे उघडतात. पहिल्याच आठवड्यात मूल प्रत्येक विषयाची तीन-चार पानं घरी घेऊन येतं आणि म्हणतं, ‘‘आई, इथे सही कर, उद्या द्यायचंय.’’ हा त्या कोर्सचा सिलॅबस. वर्षभरात काय शिकवणार हे त्यात असतंच, पण त्याहून जास्त जागा नियमांना दिलेली असते. ग्रेड कसा मोजणार, उशिरा दिलेल्या कामाचं काय होणार, टेस्ट पुन्हा देता येते का, लॅबमध्ये कसं वागायचं, नक्कल कशाला म्हणायचं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते. नोव्हेंबरमध्ये पहिलं रिपोर्ट कार्ड लागलं की पालकांचे ईमेल यायला लागतात, आणि त्यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यांनी सही केलेल्या त्या पानांवरच असतात.

याचा दोष मी पालकांना देत नाही. आपण ज्या पद्धतीत शिकलो तिच्यात असला कागद वाचायची गरजच नव्हती. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत विज्ञानाचे 100 गुण असतात: भाग 1 आणि भाग 2 चे 40-40 गुणांचे दोन पेपर आणि प्रात्यक्षिकाचे 20. म्हणजे 80 गुण मार्चमधल्या दोन दिवसांत ठरतात, आणि पेपर तपासणाऱ्याने त्या मुलाला कधी पाहिलेलंही नसतं. सहामाहीला कमी पडले तर पूर्वपरीक्षेला सावरू, तिथेही हुकलं तर बोर्डाला दाखवून देऊ, असं म्हणायला तिथे वाव आहे. मूल घरी आलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘‘पेपर कसा गेला?’’

इथे असा निकाल लावणारा पेपरच नाही. जो शिकवतो तोच तपासतो आणि तोच ग्रेड देतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली दहा मार्कांची क्विझसुद्धा त्या ग्रेडमध्ये धरली जाते, आणि वर्षअखेरचा ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या सगळ्या ग्रेडच्या अधिकृत नोंदपत्रावर जाऊन बसतो. कॉलेजं तो ट्रान्सक्रिप्ट वाचतात. म्हणून हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

सुरुवात टक्क्यांच्या वाटणीपासून करू. बहुतेक सिलॅबसमध्ये कामाचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला वजन दिलेलं असतं. एक नेहमीची वाटणी घ्या: टेस्ट 50 टक्के, लॅब 30 टक्के, होमवर्क आणि वर्गातलं काम 20 टक्के. आता दोन मुलं घ्या. पहिल्याची टेस्टची सरासरी 92 आहे, पण लॅब रिपोर्ट घाईघाईत लिहिल्यामुळे तिथे 70, आणि होमवर्क कधी दिलं कधी नाही म्हणून 60. दुसरीला टेस्टमध्ये 80 पडतात, पण लॅबला 95 आणि होमवर्कला 98. पहिल्याचा हिशेब 46 अधिक 21 अधिक 12, म्हणजे 79. दुसरीचा 40 अधिक 28.5 अधिक 19.6, म्हणजे 88.1. टेस्टमध्ये बारा गुणांनी पुढे असलेला मुलगा एकूणात नऊ गुणांनी मागे पडला. ‘‘सगळ्या टेस्ट तर इतक्या छान गेल्या, मग सी प्लस कसा?’’ असा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. त्याचं उत्तर या बेरजेत आहे.

काही शिक्षक गट न पाडता सरळ सगळ्या गुणांची बेरीज करतात: मिळालेले गुण भागिले एकूण गुण. तिथे 100 गुणांची टेस्ट आपोआप 10 गुणांच्या होमवर्कच्या दहापट जड होते. आपल्या मुलाच्या शिक्षकांनी यांपैकी कोणती पद्धत ठेवली आहे, हे आधी बघा. कारण ‘या एका क्विझमुळे किती फरक पडेल’ याचं उत्तर दोन्ही पद्धतींत वेगळं येतं.

जेनेसिस, पॉवरस्कूल किंवा इन्फिनिट कॅम्पस अशा ऑनलाइन प्रणालींच्या पालक-पोर्टलवर रोजचे आकडे दिसतात, आणि त्या आकड्यांनी घराघरांत उगाच ताप होतो. मार्किंग पिरियडच्या (ग्रेडसाठी वर्षाचे जे चार भाग पाडतात, त्यांतला एक) सुरुवातीला लॅबच्या गटात एकच नोंद असेल आणि तिथे मुलाला 10 पैकी 6 मिळाले असतील, तर तेवढ्या दिवसांपुरता 30 टक्क्यांचा अख्खा गट त्या सहा गुणांवर उभा असतो. पोर्टल म्हणतं 74, तीन आठवड्यांनी आणखी तीन लॅब झाल्या की तेच 85 होतं. मूल तेच, समज तीच. पहिल्या महिन्यातला आकडा पाहून मुलाला फैलावर घेऊ नका. तेव्हा आकड्याऐवजी कोणत्या नोंदीपुढे ‘मिसिंग’ लिहिलंय ते शोधा.

कारण सगळ्यात मोठा खड्डा तोच पाडतो. पाच लॅब रिपोर्टपैकी चारला 90, 85, 95 आणि 88 मिळाले आणि पाचवा दिलाच नाही, तर चारची सरासरी 89.5 असूनही शून्य धरल्यावर ती 71.6 वर येते. एका न दिलेल्या कागदाने अठरा गुण नेले. तोच रिपोर्ट उशिरा दिला, उशिराची वजावट होऊन त्याला 70 मिळाले, तरी सरासरी 85.6 होते. ‘आता देऊन काय उपयोग, उशीर तर झालाच’ असं म्हणून मुलं काम सोडून देतात, तेव्हा त्यांना ही बेरीज करून दाखवा. हे शून्य अन्यायाचं आहे असं मानणाऱ्या काही डिस्ट्रिक्टनी, म्हणजे त्या त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या मंडळांनी, कमीत कमी 50 गुण द्यायचा नियम केला आहे. त्यांचं म्हणणं असं की 100 च्या मापात 60 च्या खाली सगळं नापास असताना शून्य म्हणजे नापासाच्याही कितीतरी खाली ढकलणं झालं. युक्तिवाद बरोबर आहे, तरी मला तो पुरेसा वाटत नाही. मी काम हातात येईपर्यंत शून्य ठेवते आणि मार्किंग पिरियड संपेपर्यंत ते काम घेते. मुलाने प्रयोगावर विचार करून लिहावं यासाठी माझा आग्रह असतो. फुकट मिळालेल्या 50 गुणांनी ते लिहिणं होत नाही. तुमच्या मुलाच्या शिक्षकांचा नियम वेगळा असू शकतो, कुणाकडे रोजचे दहा टक्के कापतात, कुणाकडे तीन दिवसांनंतर काम घेतच नाहीत. तो सिलॅबसमध्ये लिहिलेला असतो.

आता ‘फायनलला भरून काढीन’ या आशेचा हिशेब. वर्षाचे चार मार्किंग पिरियड असतात. एका प्रचलित पद्धतीत प्रत्येकाला 20 टक्के, मिडटर्मला 10 आणि फायनलला 10 टक्के वजन असतं. समजा चार पिरियडचे 85, 88, 82 आणि 87. सरासरी 85.5, तिचे 80 टक्के 68.4. मिडटर्मला 78 म्हणजे 7.8. फायनलला 84 मिळाले तर 8.4, आणि वर्षाचा ग्रेड 84.6. आता समजा मुलाने जूनमध्ये रात्रीचा दिवस करून फायनलला 100 पैकी 100 काढले. वर्षाचा ग्रेड होतो 86.2. दीड गुणापेक्षा थोडा जास्त फरक. काही डिस्ट्रिक्टनी तर मिडटर्म-फायनल काढूनच टाकल्या आहेत. बोर्डाच्या परीक्षेची सवय असलेल्या आईबाबांना हे पचायला जड जातं, पण इथे जूनमधल्या जागरणापेक्षा ऑक्टोबरमधला मंगळवार महत्त्वाचा असतो.

या टक्क्यांचं अक्षर कसं होतं, तेही गावोगाव बदलतं. साधारणपणे 90 च्या पुढे ए, 80 च्या पुढे बी, 70 च्या पुढे सी, 60 च्या पुढे डी आणि त्याखाली एफ. पण कुठे ए साठी 93 लागतात, कुठे पास व्हायला 65. ए ला 4, बी ला 3 अशी अंकांत सरासरी काढली की जीपीए. अवघड कोर्स घेतल्याबद्दल पुष्कळ शाळा ऑनर्सला (नेहमीपेक्षा वरच्या पातळीचा कोर्स) अर्धा आणि एपीला (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) एक अंक वाढवून देतात. कॉलेजं हे सगळं आपापल्या पद्धतीने पुन्हा मोजतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ग्रेड धरते आणि प्लस-मायनस बघतच नाही. त्यामुळे बी चा बी प्लस व्हावा म्हणून शिक्षकांशी दोन आठवडे हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

लॅबला 30 टक्के का, हा प्रश्न आपल्याकडच्या पालकांना हमखास पडतो. आपल्या डोक्यात प्रात्यक्षिक म्हणजे 20 गुण, तेही जवळजवळ पूर्ण मिळणारे. इथे प्रयोग हा विषयाचा गाभा धरतात, आणि काही ठिकाणी तो कायद्याने बांधलेला आहे. न्यूयॉर्क राज्यात सायन्सच्या रीजंट्स, म्हणजे राज्याने घेतलेल्या परीक्षेला बसायचं तर त्याआधी 1,200 मिनिटं प्रत्यक्ष प्रयोग आणि त्यांचे समाधानकारक रिपोर्ट पूर्ण असावे लागतात. नसतील तर परीक्षेला बसता येत नाही. टेक्सासमध्ये हायस्कूलच्या आवश्यक सायन्स कोर्सेसचा किमान 40 टक्के वेळ प्रयोगांना आणि क्षेत्र-अभ्यासाला द्यायचा नियम आहे. एपी बायोलॉजी, केमिस्ट्री आणि फिजिक्सच्या कोर्सेसमध्ये पाव वेळ प्रयोगांसाठी ठेवावा लागतो. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला सायन्सचे 15 क्रेडिट, म्हणजे साधारण तीन वर्षांचे कोर्स लागतात, आणि त्यांत लॅबसह बायोलॉजी असावीच लागते. 2013 साली आलेले ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’ न्यू जर्सीने 2014 मध्ये स्वीकारले. त्यांत विषयाच्या माहितीइतकंच वजन प्रश्न विचारण्याला, प्रयोग आखण्याला, आकडे वाचण्याला आणि पुराव्यावरून वाद घालण्याला दिलं आहे.

हे प्रत्यक्षात कसं तपासलं जातं ते एका प्रयोगावरून दाखवते.

मोरचुदाचे निळे स्फटिक म्हणजे पाणी धरून ठेवलेलं कॉपर सल्फेट. एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात. स्फटिक तापवले की पाणी उडून जातं आणि पांढरी पूड उरते. आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं की पाणी किती टक्के होतं ते काढता येतं. पुस्तकातलं उत्तर 36.1 टक्के. एका गटाच्या नोंदी अशा: रिकामी मूस 22.41 ग्रॅम, स्फटिकांसह 24.91, तापवून थंड केल्यावर 24.10. स्फटिक 2.50 ग्रॅम, घट 0.81 ग्रॅम. भागाकार केला तर कॅल्क्युलेटर 32.4 दाखवतो. घटीच्या आकड्यात दोनच सार्थ अंक आहेत, म्हणून लिहायचं 32 टक्के. कोणी उत्साहाने 32.4000 लिहिलं तर तिथे गुण जातो, कारण 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूने जे सांगितलंच नाही ते या शून्यांनी सांगितलं.

एकाच टेबलावरच्या दोन मुलांचे रिपोर्ट येतात. पहिल्यात लिहिलेलं असतं: ‘या प्रयोगातून मोरचुदात 36 टक्के पाणी असतं हे सिद्ध झालं. उत्तरातला थोडा फरक मानवी चुकीमुळे आला.’ दुसरीच्या रिपोर्टमध्ये असतं: ‘आमच्या नमुन्यात 32 टक्के पाणी आढळलं. मूस थंड झाल्यावर तळाशी फिकट निळा रंग दिसत होता, म्हणजे काही पाणी स्फटिकांतच राहिलं होतं. ते घटीत मोजलं गेलं नाही म्हणून उत्तर 36.1 पेक्षा कमी आलं. जास्त तापून पूड काळपट झाली असती तर कॉपर सल्फेटचंच विघटन झालं असतं आणि उत्तर उलट जास्त आलं असतं. तसं झालं नाही. पुन्हा करायचं तर दोन वजनं सारखी येईपर्यंत तापवू आणि थंड करून तोलू.’

माझ्या वर्गात अशा रिपोर्टचे 20 गुण असतात: नोंदींचा तक्ता 4, आकडेमोड 4, दावा 2, पुरावा 4 आणि कारणमीमांसा 6. दुसरीला 19 मिळतात. पहिल्याला 10-11. दोघांचं रीडिंग सारखंच आहे, दोघांचं उत्तर पुस्तकापासून तितकंच दूर आहे. पहिल्याने स्वतःच्या तक्त्यात 32 लिहून दाव्यात 36 लिहिले, म्हणजे स्वतःचाच पुरावा बाजूला सारला. ‘मानवी चूक’ म्हणजे कोणती, तिने उत्तर वर गेलं की खाली, हे सांगितलं नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी कॉलेजात असताना जर्नलमध्ये रीडिंग ‘बसवलेलं’ आहे, उत्तर आधी आणि नोंदी मागून. बरोबर उत्तर आलं नाही तर गुण जातील या भीतीपोटी ते व्हायचं. इथे ती भीती मुलाच्या मनातून काढा. चुकलेला प्रयोग प्रामाणिकपणे उलगडला तर पूर्ण गुण मिळू शकतात. नोंद चुकली तर पेनाने एक आडवी रेघ मारून बाजूला नवा आकडा लिहायचा, आधीचा वाचता आला पाहिजे. खोडरबर आणि व्हाइटनर लॅबच्या वहीत चालत नाहीत.

यातूनच नक्कल कशाला म्हणायचं तेही स्पष्ट होतं. टेबलावरच्या जोडीदारांचे आकडे सारखे असणारच, ते त्यांनी मिळून घेतलेत. वाक्यं मात्र ज्याची त्याने लिहायची. मुलं व्हॉट्सॲपवर किंवा गूगल डॉकवर ‘फक्त बघायला’ म्हणून रिपोर्ट देतात, आणि पुष्कळ शाळांत देणारा आणि घेणारा दोघांनाही शून्य मिळतं. दोस्तीत मदत केली असं मुलाला मनापासून वाटत असतं, म्हणून हे सप्टेंबरमध्येच घरी बोलून ठेवावं. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल प्रत्येक शाळेचा, कधीकधी प्रत्येक शिक्षकाचा नियम वेगळा आहे. कुठे संकल्पना समजून घ्यायला चालतं पण लिहायला नाही, कुठे वापरल्याचं नमूद केलं तर चालतं, कुठे अजिबात नाही. सिलॅबसमध्ये तो परिच्छेद नसेल तर मुलाने विचारून घ्यावं. आईबाबांबद्दलही एक सांगते. इंजिनिअर बाबांनी रात्री अकरा वाजता बसून दिलेली कारणमीमांसा आम्हाला ओळखू येते. तिच्यात मुलाने वर्गात कधी न वापरलेले शब्द असतात, आणि मोरचुदाच्या मुशीत तळाला दिसलेला निळा रंग मात्र नसतो. मदत करायचीच असेल तर लिहून देऊ नका, प्रश्न विचारा: ‘‘तापवल्यावर तुला काय दिसलं? मग उत्तर कमी का आलं असेल?’’

प्रयोग चुकला, म्हणजे त्या दिवशी मूल गैरहजर असलं, की अडचण होते. व्याख्यानाच्या नोट्स मैत्रिणीकडून घेता येतात. तापवलेली मूस कोणाकडून घेणार? रसायनं मोजून मांडलेली असतात, पुढच्या आठवड्यात तीच टेबलं दुसऱ्या प्रयोगाला लागतात. मेकअप लॅब शाळा सुटल्यावर, ठरलेल्या एक-दोन दिवशीच होते. आपल्या लोकांचा प्रश्न असतो डिसेंबरचा. नाताळची सुट्टी दहा दिवसांची, आणि पुण्या-नागपूरला जायचं तर तीन आठवडे तरी हवेत, लग्नंही त्याच सुमारास असतात. आजी-आजोबांना भेटणं किती गरजेचं आहे हे मला कोणी सांगायला नको. पण कौटुंबिक प्रवास पुष्कळ डिस्ट्रिक्टमध्ये मान्य कारणांत बसत नाही, आणि न्यू जर्सीच्या 180 दिवसांच्या शाळेत दहा टक्के, म्हणजे 18 दिवस गैरहजर राहिलेलं मूल सतत गैरहजर राहणाऱ्यांत मोजलं जातं. जायचं असेल तर मुलाला निदान दोन आठवडे आधी प्रत्येक शिक्षकाशी बोलायला लावा. त्या काळात लॅब आहेत का, टेस्ट कधी देता येईल, हे विचारून लिहून घ्यायला सांगा. परत आल्यावर जेट लॅगमध्ये चार लॅब एकदम उरकायची वेळ आली की जानेवारीभर मूल पुरतं दमतं.

सुरक्षेच्या नियमांवर वेगळी सही असते, तिच्यावर मी फार लिहीत नाही. गॉगल झेड 87.1 या सुरक्षा-मानकाच्या शिक्क्याचा, पाय झाकणारे बूट, केस बांधलेले, सैल बाह्या नाहीत, खाणंपिणं नाही. गॉगल कपाळावर चढवून उभं राहिलेल्या मुलाला मी बाहेर काढते आणि त्या दिवसाची लॅब त्याच्या हातून जाते. याला अपवाद नाही, कितीही हुशार मूल असो.

रीटेक आणि एक्स्ट्रा क्रेडिटबद्दल पालकांच्या फार अपेक्षा असतात. रीटेक असेल तरी बहुधा अट असते: चुकलेले प्रश्न सोडवून आणायचे, एकदा शिक्षकांना भेटायचं, मग दुसरी टेस्ट. आणि तिच्यात मिळू शकणाऱ्या गुणांना कधी 80, कधी 85 ची मर्यादा असते. एक्स्ट्रा क्रेडिट पुष्कळ शाळांनी बंद केलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं. वर्गासाठी टिश्यूचे बॉक्स आणून जादा गुण मिळतात, केमिस्ट्री येत नाही.

आपली मुलं वर्गात गप्प बसतात, हे मला सतत जाणवतं. वडीलधाऱ्यांसमोर शंका काढू नये, हे घरातून आलेलं असतं. इथे शिक्षकाला प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही, ते कामच आहे, आणि काही सिलॅबसमध्ये त्याला गुणही आहेत. गुणांबद्दल बोलायचं असेल तर ईमेल मुलाने लिहावा, आईने नव्हे. ‘माझे गुण का कापले’ या ईमेलवर शिक्षक गुणपत्रिका पाठवतात आणि विषय संपतो. ‘तिसऱ्या प्रश्नात माझा पुरावा बरोबर होता असं वाटतं, कारणमीमांसा कुठे तुटली ते समजावून सांगाल का’ असं लिहिलं तर पंधरा मिनिटं समोर बसून शिकवणी होते. मुलाचे शैक्षणिक अभिलेख बघायचा हक्क फर्पा या 1974 च्या कायद्याने पालकांना मूल 18 वर्षांचं होईपर्यंत आहेच. मुलाने विचारून उत्तर मिळालं नाही, तर पुढची पायरी काउन्सेलर, आणि तिथे तुम्ही जरूर बोला.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगते. मूल घरी सगळं तोंडी सांगतं पण टेस्टमध्ये अर्धा पेपर कोरा राहतो, वाचताना ओळी हलतात, हात थांबतो, छातीत धडधड होते, असं असेल तर त्याला आळशी म्हणू नका. 1973 च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टच्या कलम 504 खाली किंवा आयईपीखाली (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने आखलेली वैयक्तिक शिक्षण-योजना) अशा मुलाला जास्त वेळ, शांत खोली, प्रश्न वाचून दाखवणं, अशा सोयी मिळतात. आपल्यातले पालक लोक काय म्हणतील म्हणून मागत नाहीत, मुलाच्या रेकॉर्डला डाग लागेल असं त्यांना वाटतं. कॉलेजांकडे जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर त्याचा उल्लेख होत नाही. मूल्यमापन करून घ्यायची विनंती शाळेकडे लेखी करा, तोंडी नको. सॅट किंवा एपीच्या परीक्षेत तीच सोय हवी असेल तर त्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेकडून वेगळी मंजुरी लागते आणि तिला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून अकरावीच्या उन्हाळ्याची वाट बघत बसू नका.

एपीचा उल्लेख झालाच आहे तर तिथला एक गैरसमज. एपी केमिस्ट्रीच्या वर्गाचा ग्रेड आणि मे महिन्यातल्या एपी परीक्षेचा 1 ते 5 मधला स्कोअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत 60 बहुपर्यायी प्रश्न आणि 7 लेखी प्रश्न असतात, ती बाहेर तपासली जाते, आणि निकाल जुलैमध्ये लागतो, तोवर वर्गाचा ग्रेड कधीच ट्रान्सक्रिप्टवर गेलेला असतो. 5 मिळाले म्हणून बी चा ए होत नाही, आणि 2 मिळाले म्हणून ए जात नाही. आपल्या पद्धतीच्या सगळ्यात जवळची परीक्षा हीच. त्यामुळे आपले पालक सगळा जोर तिच्यावर लावतात आणि वर्गातल्या लॅबकडे दुर्लक्ष करतात.

सप्टेंबरअखेर शाळेत बॅक टू स्कूल नाइट असते. मुलाच्या वेळापत्रकाप्रमाणे पालक वर्गावर्गांतून फिरतात आणि प्रत्येक शिक्षकाला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्यात ‘माझा मुलगा कसा आहे’ हे विचारू नका, अजून आम्ही मुलांची नावं पाठ करत असतो. सिलॅबस बरोबर घेऊन या, आणि दोनच गोष्टी विचारा: राहिलेलं काम किती दिवस घेता, आणि तुमच्या मते पूर्ण गुणांचा लॅब रिपोर्ट कसा दिसतो, त्याचा एखादा नमुना मुलांना दाखवता का.